शाळेचे कुलूप सर्वांत शेवटी

तापाच्या नव्या साथीची बातमी वर्तमानपत्रात आली, की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. 'डॉक्टर, आता पुन्हा शाळा बंद होणार का हो?' विचारणाऱ्यांत आई असते, आजोबा असतात, कधी खुद्द गुरुजीही असतात. एकाला भीती असते ती शाळा बंद होईल याची, तर दुसऱ्याला भीती असते ती शाळा चालूच राहील याची. दोन्ही भीती खऱ्या आहेत. म्हणूनच हा विषय साथ नसताना, डोके शांत असताना बोलून घेतलेला बरा. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की काय होते, ते आपण २०२० साली पाहिले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना ते पारखून घेता येईल. पुढची महासाथ येईल तेव्हा गावातली शाळा ही बंद होणारी शेवटची जागा असावी आणि उघडणारी पहिली. शाळा कधीच बंद करू नये, असे मी म्हणत नाही. काही रोगांत, काही दिवस, ती बंद करावी लागेल. पण २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आपण शाळा सर्वांत आधी बंद केली आणि सर्वांत शेवटी उघडली. तसे पुन्हा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

काय घडले ते आठवू या

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सारा देशच घरात बसला. एप्रिलमध्ये जगभरातील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी होते. त्या वेळचा तो निर्णय बरोबरच होता. रोग नवा होता, औषध नव्हते, लस नव्हती, आणि तो मुलांना किती छळेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. अंधारात पाऊल टाकताना माणूस आधी थांबतो. तसे आपण थांबलो.

माझा प्रश्न मार्चमधल्या निर्णयाबद्दल नाही, त्यानंतरच्या महिन्यांबद्दल आहे. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडू लागली. ऑक्टोबरमध्ये उपाहारगृहे उघडली. नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहे उघडली आणि दिवाळीच्या पाडव्याला मंदिरांची दारेही उघडली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून काही ठिकाणी सुरू झाले, तर मुंबई वगळता पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून. थोड्याच दिवसांत दुसरी लाट आली आणि तेही मिटले. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग भरले. पहिली ते चौथीच्या मुलांनी मात्र वर्गात पाऊल ठेवले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे सुमारे साडेवीस महिन्यांनी.

या आकड्याचा अर्थ काय? जे पोर जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाले, ते पहिल्यांदा वर्गात बसले तेव्हा दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष उलटून गेले होते. बाराखडी शिकण्याचे, पेन्सिल धरण्याचे, शेजारच्या मुलाशी भांडून पुन्हा गट्टी करण्याचे त्याचे वय शाळेच्या बंद दाराबाहेर गेले.

याच काळात, १५ जानेवारी २०२१ रोजी, राज्यात चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली. मतदान बहुतेक गावांत शाळेच्याच खोल्यांत झाले. मोठ्यांनी रांग लावून मत द्यावे इतकी ती खोली सुरक्षित होती, पण सात वर्षांच्या मुलाने पाटी घेऊन बसावे इतकी नव्हती! निवडणूक नको होती, असे मला म्हणायचे नाही. खोलीत शिरण्याचा मान आपण आधी कोणाला दिला, ते फक्त दाखवतो आहे.

आधी रोग ओळखा

शाळा बंद करणे हे एक औषध आहे असे समजा. औषध देण्यापूर्वी डॉक्टर काही प्रश्न विचारतो. रोग कोणता? या रोगाला हे औषध लागू पडते का? मात्रा किती, किती दिवस? आणि दुष्परिणाम काय? शाळेच्या बाबतीत हे प्रश्न विचारलेच गेले नाहीत, किंवा फार उशिरा विचारले गेले.

सगळ्या साथी सारख्या नसतात. फ्लू हा मुलांमध्ये झपाट्याने पसरणारा रोग. वर्गात एक मूल शिंकले की आठवड्यात निम्मी बाके रिकामी होतात आणि तीच मुले तो रोग घरी नेतात. त्यामुळे फ्लूच्या साथीत शाळा थोडे दिवस बंद ठेवण्याला अर्थ असतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्यानंतर पुण्यातल्या आणि मुंबईतल्या शाळा काही दिवस बंद ठेवल्या गेल्या आणि पुन्हा भरल्या. बंदीला मुदत होती, हे लक्षात घ्या.

त्याहून जुने उदाहरण १९१८ सालच्या फ्लूचे. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी तेव्हा शाळांना कुलपे लावली. न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन मोठ्या शहरांनी मात्र शाळा चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त होते डॉ. रॉयल कोपलंड. शहरात शाळकरी मुले सुमारे दहा लाख, आणि त्यांतली बहुसंख्य दाटीवाटीच्या चाळींत राहणारी. कोपलंड यांचे म्हणणे असे, की कोंदट खोलीत किंवा रस्त्यावर हिंडण्यापेक्षा ही मुले स्वच्छ, हवेशीर वर्गात बरी. तिथे रोज त्यांची तपासणी होईल आणि आजारी मूल लगेच घरी पाठवता येईल. शाळांत डॉक्टर आणि परिचारिका नेमण्याची व्यवस्था त्या शहरात आधीपासून होती. डॉ. जोसेफिन बेकर या बाईंनी ती उभी केली होती. म्हणून हे जमले. त्या साथीत न्यूयॉर्कचा मृत्युदर फिलाडेल्फिया आणि बोस्टन या शहरांपेक्षा कमी राहिला.

पण या उदाहरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच साथीचा अभ्यास पुढे संशोधकांनी केला. अमेरिकेतील ४३ शहरांची तुलना केली, तेव्हा ज्या शहरांनी शाळा, सभा, करमणुकीची ठिकाणे यांवर लवकर, एकाच वेळी आणि पुरेसे दिवस बंधने घातली, तिथे मृत्यू कमी झाल्याचे दिसले. सेंट लुईस हे त्यातले नावाजलेले शहर. तेव्हा न्यूयॉर्कच्या दाखल्यावरून कोणत्याही साथीत शाळा उघडीच ठेवा, असा नियम काढता येत नाही. धडा निघतो तो असा : ज्या शाळेत तपासणी आहे, हवा आहे आणि आजारी मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारे कोणी आहे, ती शाळा साथीतही मुलांची राखण करू शकते.

कोविडमध्ये मुलांना धोका किती होता?

कोविडचा स्वभाव फ्लूहून वेगळा निघाला. तो म्हाताऱ्यांना आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना गाठत होता, मुलांना बहुधा हलक्या तापावर सोडत होता. हे काही महिन्यांतच दिसू लागले होते.

स्वीडन देशाने २०२० च्या वसंत ऋतूत नववीपर्यंतच्या शाळा चालू ठेवल्या. तिथे १ ते १६ वर्षे वयाची सुमारे साडेएकोणीस लाख मुले. मार्च ते जून २०२० या चार महिन्यांत त्यांतील १५ मुलांना कोविडमुळे अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. एकही मूल दगावले नाही. स्वीडनच्या एकूण धोरणावर पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यही होती. तिथे वृद्धाश्रमांत फार माणसे गेली. पण शाळेतल्या मुलांबाबतची ही माहिती पुढे आली, तिचा आपल्याकडे फारसा विचार झाला नाही.

आता कोणी म्हणेल, 'स्वीडनचे आम्हाला काय सांगता? तिथे वर्गात किती मुले, आणि आमच्याकडे किती? तिथे आजी-आजोबा वेगळे राहतात, आमच्याकडे तीन पिढ्या एका छपराखाली.' हे म्हणणे रास्त आहे. म्हणून आपल्याच देशातला दाखला घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ततपासणीची चौथी पाहणी केली. शाळा तोपर्यंत सव्वा वर्ष जवळजवळ बंदच होत्या. तरी सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली. त्या वयाच्या मुलांना तेव्हा लस दिलेलीच नव्हती. म्हणजे शाळेला कुलूप असूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता, घरातून आणि गल्लीतून. यावरून शाळेत धोका नसतो असे सिद्ध होत नाही. पण कुलपामुळे मुले वाचली, असेही मग म्हणता येत नाही. ही पाहणी जुलैमध्ये जाहीर झाली तेव्हा परिषदेचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी, शाळा उघडायच्या झाल्यास प्राथमिक वर्ग आधी उघडणे शहाणपणाचे, असे सांगितले होते. आपल्याकडे झाले नेमके उलटे. मोठी मुले आधी गेली, धाकटी सर्वांत शेवटी.

धोका शाळेत नव्हे, कोंदट खोलीत

मे २०२० मध्ये इस्रायलमध्ये शाळा उघडल्या. दहा दिवसांच्या आत जेरुसलेममधील एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले. हे उदाहरण शाळा बंद ठेवण्याच्या बाजूने नेहमी दिले जाई. पण तिथे काय झाले ते नीट पाहा. एकेका वर्गात पस्तीसच्या वर मुले होती. त्या आठवड्यात उष्णतेची लाट आली म्हणून मुखपट्टीची सक्ती उठवली होती आणि वातानुकूलन यंत्रे सतत चालू होती. अशा खोलीत एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जायला कितीसा वेळ लागतो?

त्याच सुमारास डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून धाकट्या मुलांच्या शाळा उघडल्या. मुलांचे छोटे गट केले, हात धुण्याची शिस्त लावली आणि जमेल तितके वर्ग बाहेर, मोकळ्या हवेत घेतले. ही युक्ती नवी नाही. क्षयरोगाच्या काळात, १९०४ साली जर्मनीत बर्लिनजवळ आणि १९०८ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात अशक्त मुलांसाठी खुल्या हवेतल्या शाळा काढल्या होत्या. आणि झाडाखाली शाळा ही कल्पना आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको.

जिल्हा परिषदेच्या शाळेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. पण हवेच्या बाबतीत तिच्याइतकी चांगली इमारत गावात सहसा दुसरी नसते. लांब व्हरांडा, समोरासमोर खिडक्या, पुढे मैदान, मैदानात एखादा लिंब नाहीतर पिंपळ. शहरातल्या बंद काचांच्या वर्गापेक्षा ही शाळा श्वसनाच्या रोगात केव्हाही सुरक्षित. पावसाळ्यात मैदान उपयोगी नाही आणि एप्रिलच्या उन्हातही नाही, हे खरे. पण व्हरांडा बारा महिने असतो, आणि खिडकी उघडायला पैसे पडत नाहीत.

औषधाचे दुष्परिणाम

आता दुष्परिणामांकडे येऊ. पहिला दुष्परिणाम अर्थातच शिक्षणाचा. मोबाइलवर शिक्षण चालू आहे, असे आपण स्वतःला सांगत राहिलो. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १,४०० गरीब घरांतल्या मुलांची पाहणी केली. खेड्यांतली फक्त ८ टक्के मुले मोबाइलवर नियमित शिकत होती. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीचे आकडे तर सरळ सांगतात. दुसरीचा धडा वाचू शकणारी तिसरीतली मुले ग्रामीण भारतात २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ साली ती पुन्हा २७.१ टक्के झाली. हा शेवटचा आकडा ऐकून कोणी म्हणेल, झाले ना सगळे ठीक! ठीक झाले ते नव्या तिसरीतल्या मुलांचे. २०२२ च्या तिसरीत जी मुले होती ती तिथेच थांबून राहिली नाहीत, ती पुढच्या इयत्तांत गेली. पाया कच्चा राहिला तो त्यांचा. एक गोष्ट मात्र समाधानाची. मुले शाळा कायमची सोडतील अशी जी मोठी भीती होती, ती तितकी खरी ठरली नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांची पटनोंदणी २०२२ साली ९८.४ टक्के होती. आईबापांनी शाळेवरचा विश्वास सोडला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे.

पण हा आरोग्याचा स्तंभ आहे, म्हणून आरोग्याच्या दुष्परिणामांवर जास्त बोलतो. शाळा हे गावातले न दिसणारे आरोग्य केंद्र असते. तिथे दुपारची खिचडी मिळते, आणि कित्येक मुलांसाठी ते दिवसातले पोटभर जेवण असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्येच स्वतःहून या आहाराची दखल घेतली. पुढे तांदूळ आणि डाळ घरी वाटली गेली. पण घरी दिलेला तांदूळ हंडीत सगळ्यांसाठी शिजतो, त्या मुलाच्या ताटात किती पडतो ते कोण मोजणार? शाळेतच जंताची गोळी मिळते, लोहाची गोळी मिळते, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर शाळेत येतात, तेव्हा कोणाच्या हृदयाला छिद्र, कोणाचा कान फुटलेला, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, हे कळते. शाळा बंद, की हे सगळे बंद.

डोळ्यांचे उदाहरण घ्या. चीनमधल्या शाळकरी मुलांच्या दृष्टितपासणीत, सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचे प्रमाण २०१५ ते २०१९ या काळात कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. घरबंदीनंतर २०२० साली ते २१.५ टक्के निघाले. दिवसभर घरात आणि डोळे जवळच्या पडद्याला चिकटलेले, याचा हा परिणाम. बाहेरचा उजेड हे वाढत्या डोळ्याचे खाद्य आहे, आणि मुलांना तो शाळेच्या मैदानावर मिळतो.

आणि शेवटचा, मला सर्वांत बोचणारा दुष्परिणाम मुलींचा. बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली देशात २०१९ साली ५२३ गुन्हे नोंदले गेले होते. २०२० साली ते ७८५ झाले. ही नोंद झालेल्यांची संख्या, न नोंदलेले आपण सर्व जाणतो. हातचे काम गेलेले, लग्न पन्नास माणसांत उरकणारे, आणि मुलगी घरीच बसलेली. शाळेच्या पटावर नाव असणे आणि रोज बाकावर बसणे यांत फरक आहे. रोज बाकावर बसणारी मुलगी चार दिवस दिसली नाही, तर बाई चौकशी करतात. शाळाच बंद असेल, तर चौकशी कोण करणार?

शिक्षकांची बाजू

ज्यांनी शाळा बंद ठेवा म्हटले, ते काही मुलांचे वैरी नव्हते. माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक मला म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, तुम्ही आकडे मुलांचे सांगता. वर्गात मुलांसमोर उभा राहणारा माणूस पन्नाशीचा असतो, त्याला साखर असते, घरी त्याची म्हातारी आई असते.' त्यांचे म्हणणे बिनतोड आहे आणि अभ्यासही त्याला दुजोरा देतो. स्वीडनमध्येच नंतर तुलना झाली. ज्यांच्या शाळा चालू होत्या त्या शिक्षकांना, घरून शिकवणाऱ्या वरच्या वर्गांच्या शिक्षकांपेक्षा दुप्पट संसर्ग झाल्याचे आढळले. मुलांच्या पालकांमध्ये वाढ मात्र थोडी होती.

तेव्हा शाळा चालू ठेवायची, तर शिक्षकाला राखले पाहिजे. लस आली तेव्हा तिच्या रांगेत दवाखान्यातल्या माणसांच्या पाठोपाठ शिक्षक आणि खिचडी शिजवणाऱ्या ताई यायला हव्या होत्या. लसीकरण जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाले आणि सर्व शिक्षकांना शिक्षक दिनापूर्वी लस द्या, असे केंद्राने राज्यांना सांगितले ते ऑगस्टमध्ये. मधल्या काळात हेच शिक्षक घरोघर सर्वेक्षण करत होते, तपासणी नाक्यांवर उभे होते. सगळीकडे पाठवलेल्या या माणसाला फक्त त्याच्या वर्गात जाऊ दिले जात नव्हते! तरीही कित्येकांनी हार मानली नाही. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. पालघर जिल्ह्यात दांडवळसारख्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. या धडपडीला नमस्कार. पण भिंत मुलाची चूक दुरुस्त करत नाही, आणि भोंगा त्याचा प्रश्न ऐकत नाही.

मात्रा आणि मुदत

मग पुढच्या वेळी काय करावे? माझ्या मते सहा गोष्टी आजच ठरवून ठेवता येतील.

पहिली, निर्णय गावाचा किंवा तालुक्याचा असावा. गडचिरोलीच्या वाडीला आणि मुंबईच्या उपनगराला एकच कुलूप लावू नये. हे अशक्य नाही. जुलै २०२१ मध्ये राज्याने कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरवण्याची मुभा दिली, सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आणि एका वर्गात पंधरा-वीस मुले बसवून. कल्पना उत्तम होती. ती सोळा महिने आधी, आणि पहिली-दुसरीसाठी यायला हवी होती.

दुसरी, बंदीच्या आदेशावर शेवटची तारीख लिहिलेली असावी. 'पुढील आदेशापर्यंत' हे शब्द चिठ्ठीवर असतील, तर ते औषध किती दिवस घ्यायचे हे रोग्याला कधीच कळत नाही. दोन आठवडे, मग पुन्हा विचार. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठरल्या होत्या, पण पालकांनी आणि शिक्षकांनी आवाज उठवला आणि २४ जानेवारीपासूनच त्या उघडू लागल्या. आपण शिकलो, हे त्यातून दिसले.

तिसरी, जिथे मुलांना धोका कमी आहे अशा रोगात धाकटी मुले आधी. दहावीचा विद्यार्थी चार महिने पुस्तक घेऊन बसू शकतो. पहिलीच्या मुलाला पुस्तक वाचताच येत नाही.

चौथी, आजारी मूल घरी, आणि त्याबद्दल शिक्षा नाही. शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस देणाऱ्या शाळा आजही आहेत. अंगात ताप घेऊन मूल शाळेत येते ते त्या बक्षिसासाठी. हे बक्षीस बंद करा. ज्या घरी केमोथेरपी चालू असलेला रोगी किंवा फार अशक्त म्हातारे माणूस आहे, तिथल्या मुलाला घरी राहण्याची सवलत द्या आणि अभ्यास घरपोच द्या.

पाचवी, शाळा बंद झाली तरी खिचडीची चूल विझू नये. मुलांना टप्प्याटप्प्याने बोलावून, अंतर ठेवून, गरम जेवण देता येते. जेवायला आलेले मूल शिक्षकाच्या नजरेला तरी पडते. सहावी, शिक्षक आणि स्वयंपाकी ताई लसीच्या रांगेत पुढे.

आणि रोगच जर मुलांवर तुटून पडणारा निघाला तर? तर मी स्वतः शाळेला कुलूप लावा म्हणून पहिला सांगायला येईन. पण तेव्हाही तारीख घालून, आणि बाजार, लग्नाचे हॉल, सभा यांना आधी कुलूप लावून. मोठी माणसे मांडवात दाटीने बसतात आणि पोरे घरात कोंडतात, याला साथीचा बंदोबस्त म्हणत नाहीत.

वाचकांना एक काम सांगतो. येत्या आठवड्यात आपल्या मुलाच्या किंवा नातवाच्या शाळेत एक चक्कर मारा. वर्गाच्या खिडक्या उघडतात का, की जुनी बाके रचून बुजवल्या आहेत? हात धुवायच्या नळाला पाणी आहे का? मागच्या वर्षी मुलांची आरोग्य तपासणी झाली का, आणि ज्यांना चष्मा सांगितला त्यांना तो मिळाला का? शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आपलाच कोणीतरी बसतो, त्याला हे विचारा. बुजलेली खिडकी मोकळी करायला सरकारी आदेश लागत नाही, दोन माणसे आणि अर्धा तास लागतो. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती येईल तेव्हा आपली शाळा उघडी ठेवण्याजोगी असेल की नाही, हे आज त्या खिडकीकडे पाहून सांगता येते.